बुंदीचा कोपरा

मी एकदा भरली पंगत अर्ध्या पोटी उठवली. एका तांब्याने. भांडले नाही, ओरडले नाही, तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही. पदर नाकापर्यंत ओढला, मान खाली घातली आणि पाण्याने भरलेला पितळी तांब्या एका म्हाताऱ्या माणसाच्या पत्रावळीपुढे नेऊन ठेवला. बस. नातवंडांना ही गोष्ट सांगितली की ती म्हणतात, "आजी, पाणी देण्यात काय चुकलं?" त्यांना काय सांगणार! त्यांनी पंगत पाहिलीच नाही. ती बिचारी लग्नात ताटली हातात घेऊन फिरत फिरत जेवतात, कुंपणावरचा पाला ओरबाडणाऱ्या शेळ्यांसारखी.

तो म्हातारा माणूस म्हणजे आसारामजी. माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, वयाने मोठे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून हे मोठे मामाजी. उंच, वाळलेले, धोतर गुडघ्याच्या जरा खाली आणि भुवया इतक्या दाट की त्यांच्याखालून ते पाहत आहेत की झोपले आहेत ते कळू नये. बायको कधीच गेलेली. मुलगा आणि सून यांच्यासोबत आमच्या घरापासून थोडं पलीकडे राहत. धानाची शेती सगळ्यांचीच होती, त्यांचीही होती. पण गावात त्यांचं नाव शेतीसाठी नव्हतं. ते होतं जेवणासाठी.

सिहोऱ्याला आमच्या भावकीची पंगत त्यांच्यासोबत बसायची आणि त्यांच्यासोबत उठायची. त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नसे. आणि ते उठले, की कोणाच्या तोंडाशी घास असो, कोणाच्या पानात आख्खी पोळी असो, सगळ्यांनी उठायचं. एकदा उष्ट्या हाताने उठलेला माणूस पुन्हा पानावर बसत नाही. म्हणजे एवढ्या माणसांच्या पोटाची किल्ली एका म्हाताऱ्याच्या मांडीखाली!

बरं, तो म्हातारा जेवायचा तरी किती सावकाश! एक घास घेतला की तो जणू तोंडात ठेवून विसरूनच जायचा. शेजारच्यांचं होऊन जायचं, बोटं वाळायची, माश्या यायच्या, आणि हे आपले भाताची गोळी करत बसलेले. तरणी माणसं आतल्या आत चरफडायची. "बुढा पंगतीत बसला का मुक्कामाले आला गा?" पण समोर बोलायची कोणाची छाती नव्हती. आणि त्यांच्या या सावकाशीमुळे पंगतीच्या टोकाला बसलेली दात पडलेली माणसं, चिल्लीपिल्ली, लाजून मागून न घेणारे पाहुणे, सगळ्यांचं पोट भरायचं, हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ वर्षं लागली. ते मुद्दाम करत होते की मुळातच रवंथ करणारे होते, ते मला आजही ठरवता येत नाही.

कारण तसे ते मोठे किरकिरे. जेवणाऱ्याचं जेवण कशाकशाने बिघडतं यावर त्यांच्याइतका विचार कोणी केला नसेल. स्वयंपाकाला मात्र ते चुकूनही नाव ठेवत नसत. "जेवन रांधनारी नाही बिघडवत, वाढनारा बिघडवते," असं त्यांचं म्हणणं. वाढणाऱ्याने "पायजे का?" असं विचारलं की त्यांच्या भुवया वर चढायच्या. "देऊन राहिला का विचारून राहिला? विचारून राहिला असशीन तं नाही पायजे. जा फुडं." कोणी पानासमोर उभं राहिलं की, "सरक गा, तुही सावली वरनात पडून राहिली." यजमान हात बांधून कौतुकाने पाहत उभा राहिला, तर त्याला म्हणायचे, "तू असा पायत राहिला तं माहे घास मोजून राहिल्यासारखा वाटते." जेवताना कोणी कोणाच्या दुखण्याची गोष्ट काढली तर ते चक्क कानात बोट घालायचे, डाव्या हाताचं. पुढे पुढे लग्नात भोंगे लागायला लागले, तेव्हा तर म्हणाले, "आता तं बाप्पा, आपला घास आपल्यालेच आयकू येत नाही."

फुटक्या पत्रावळीचा मात्र त्यांना राग नव्हता. पळसाची पानं टोचलेली पत्रावळ, एखादी काडी निसटलीच तर वरण धोतरावर. त्यावर त्यांची शेतकरी तोड. भाताचा धुरा घालायचा! आमच्याकडे पाणी अडवलेल्या धानाच्या शेताला बांधी म्हणतात. तिला चहूबाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध. तसंच हे पानावर भाताचा धुरा रचायचे, वरण त्यात अडवायचे आणि उजवीकडचा वरचा कोपरा कोरडा ठेवायचे. त्या कोपऱ्यात ना भाजीचा रस जाऊ द्यायचा, ना कढीचा थेंब. तो कोपरा बुंदीचा. बुंदी आमच्याकडे पंगतीत शेवटी वाढायची, आणि पान मांडलं गेल्यापासून मोठे मामाजी तिची जागा राखून बसायचे. बुंदी आली की चार दाणे आधी जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. मग सावकाश बाकीची. मग पाण्याचा हात. मग पंगत उठायची.

आता माझ्याकडे या. मी मोहाडीची, विणकराच्या घरची. आमच्या घरी दिवसभर हातमागाची खटखट, आणि जेवण म्हणजे धोटा थांबवून मधेच उरकायचं एक काम. ज्याचं झालं त्याने उठावं, मागावर बसावं. बाबांचं जेवण झालं की ते हात पानावर तसाच धरून गप्प बसायचे. म्हणजे, पोरी, पाणी आण. एवढी एक खूण शिकून मी चौऱ्याहत्तर साली सिहोऱ्याला नांदायला गेले. वय अठरा. अक्कल त्याहून लहान. स्वतःविषयीचं मत मात्र चांगलं वयात आलेलं. आपल्याला सगळं समजतं, सासरच्यांना फक्त ते अजून समजलेलं नाही, असं मला वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं, शांताचं लग्न निघालं. वऱ्हाड दिघोरीहून ट्रकात बसून आलं. वांग्याची भाजी मी केली होती, म्हणजे सासूबाईंनी केली आणि मी ढवळली. पण मीठ मी घातलं होतं. आणि विसरायला नको म्हणून, मला वाटतं, दोनदा घातलं होतं. तेव्हापासून माझा जीव त्या भाजीत अडकलेला. पंगत बसली, तेव्हा मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी. कोण तोंड वाकडं करतं ते पाहत होते.

मोठे मामाजी पहिल्या जागी. त्यांच्या शेजारी नवरदेवाचे मामा, मग बाकीचे वऱ्हाडी. भात एकदा फिरून गेला होता. वाढणारे सगळे दुसऱ्या भातासाठी मागच्या अंगणात चुलीकडे गेले होते. आणि मला काय दिसावं? मोठे मामाजी हात पानावर धरून गप्प बसलेले. अगदी बाबांसारखे! मला वाटलं, बाई गं, झालं यांचं जेवण, आणि या एवढ्या घरात पाणी द्यायला कोणी नाही! भाजी खारट झालीच असेल, तहानले असतील. आता आपणच घराची लाज राखली पाहिजे. राखली. रांजणातून तांब्या भरला आणि गेले तरातरा.

तांब्या ठेवला. मोठ्या मामाजींनी तांब्याकडे पाहिलं. मग भुवया उचलून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं नाही, आणि मी त्यावर आयुष्याची बारा वर्षं घालवली. मग त्यांनी पंगतीवरून एक नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तांब्या उचलला, पानावर बोटं धुतली आणि उठले.

बांधीत बसलेला बगळ्यांचा थवा एक उडाला की सगळा उडतो, तशी पंगत उठली. गावची माणसं सवयीने उठली, वऱ्हाडी गोंधळून उठले. मागच्या अंगणात भाताची परात भरणारे चुलीपाशीच थिजले. मी तोपर्यंत उंबऱ्याच्या आत, दाराआड. मोठी शूर!

नवरदेवाचे मामा कडाडले, "हे काय होय बाप्पा? आमच्याकडं तं पावन्याले पोटभर वाढते! ना दुसरा भात, ना गोड. आमाले उठवाले आनलं का इथं?"

सासरे पांढरे पडले. पोरीचं लग्न, आणि वऱ्हाड उपाशी उठलेलं. आता ही माणसं पोरीला नांदवतील की आयुष्यभर यावरून टोमणे मारतील? शांता आत हळदीच्या अंगाने बसलेली, तिचे डोळे वाहायला लागले. आणि तेवढ्यात मोठे मामाजी पोट धरून वाकले.

"पावने, चूक माही," ते म्हणाले. "पोटात अशी कळ आली का बसवेना. घरच्याईची काही चूक नाही. मी बुढा, माहं पोट बुढं. जे बोलाचं ते मले बोला."

म्हाताऱ्या माणसाने पोट धरून हात जोडल्यावर कोण काय बोलणार? नवरदेवाचे मामा निवळले. मुलगा मोठ्या मामाजींना धरून घरी घेऊन गेला, सूनही हिंगाचं पाणी द्यायला मागोमाग पळाली. सासूबाईंनी बुंदीची अख्खी टोपली वऱ्हाडाच्या ट्रकात चढवली, आणि ट्रक गावाबाहेर पडेपर्यंत पोरं दोन्ही हातांनी बुंदी खात होती. शांताला कोणी टोमणा मारला नाही. तांब्याचं कोणालाच काही वाटलं नाही. कळ आल्यावर माणूस पाणी मागणारच, असं सगळ्यांनी धरलं.

उष्टी काढायला मीच होते. मोठ्या मामाजींचं पान उचललं. भाताचा धुरा अर्धा उभा, वरण मधे अडलेलं. पानाच्या कडेखाली बारीक खडे लपवलेले. भातात खडा लागला की तो माणूस कुरकुर न करता पानाखाली सारायचा, रांधणारीला कळू नये म्हणून. आणि उजवीकडचा वरचा कोपरा कोरडा. स्वच्छ. वाट पाहत असलेला.

मी तोंड उघडलं असतं तर? पण माझ्या डोक्यात तोवर दुसराच गोंधळ शिरला होता. तांब्या आधी, की कळ आधी? मी तांब्या ठेवला म्हणून ते उठले, की माझ्या खारट वांग्याने खरंच कळ आली आणि तांब्या फक्त वेळेवर पोचला? पहिलं असेल तर मी मूर्ख. दुसरं असेल तर मी मारेकरी. दोन्हींतलं काय कबूल करावं ते ठरेना, म्हणून मी काहीच कबूल केलं नाही.

त्याचा परिणाम असा झाला, की पुढच्या पंगतीला भावकीतली माणसं म्हणाली, "आसारामजीचं पोट आता भरवशाचं नाही. पुन्हा मधातच उठले तं?" आणि पहिल्या जागी माझ्या सासऱ्यांना बसवलं. सासरे जेवायचे असे, की जणू मागून कोणी काठी घेऊन येतं आहे. घास, घास, पाणी, उठ! गावाला काय होतंय ते कळायच्या आत पंगत उठायची. टोकाची म्हातारी माणसं चावत चावत उभी राहायची, पोरं पोळी हातात घेऊन पळायची. आणि त्या टोकाला, पोरांच्या शेजारी, मोठे मामाजी बसायला लागले. नेहमीसारखे भाताचा धुरा घालायचे, कोपरा राखायचे. बहुतेक वेळा बुंदी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत सासरे उठलेले असायचे. मग तेही उठायचे. सावली वरणात पडल्याची तक्रार करणारा माणूस जागा गेल्याची तक्रार कधी करायचा नाही. त्या पंगतीचं नाव मात्र त्यांच्यासमोर कोणीही काढत नसे. दुखऱ्या जागेला कोण हात लावणार?

आता इथून माझी फजिती वाढत गेली. कारण मोठे मामाजी आमच्या घरी पोटभर जेवेनासे झाले. बाहेर जेवायचे. आमच्याकडेच नाही.

अक्षय्य तृतीया असो, पोळा असो, माझ्या मुलाचं बारसं असो, बोलावलं की यायचे. बसायचे. पहिला भात घ्यायचे, आणि दुसरा घेऊन कोणी दिसलं की दोन्ही हात पानावर आडवे. "पुरे, पुरे! पोट फुटाले आलं." एवढ्यावर थांबायचे तर ठीक. शेजारच्या पाहुण्यालाही कोपराने ढोसायचे, "तुमचं बी झालं असन, नाही?" बारशाच्या दिवशी तर त्यांनी माझ्या सख्ख्या भावाला, मोहाडीहून आलेल्याला, दुसऱ्या पोळीला हात घालू दिला नाही. "उन्हाचं कमी खावं, बाप्पा." पौष महिन्यात!

मी तर पिसाळलेच. यांचं जेवण कशाने बिघडतं आहे? माझ्या हातानेच, दुसरं काय? मी तांदूळ निवडू लागले तर असे, की सासूबाई म्हणाल्या, "अवं, तांदूळ निवडून राहिली का मोती?" मीठ कमी केलं. मग अगदीच कमी केलं, आमचे हे म्हणाले, "आज भाजीले काय झालं? बिमार आहे का?" बांगड्यांचा आवाज होत असेल म्हणून वाढताना बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या. केसांना चमेलीचं तेल लावत होते, ते बंद केलं. जेवताना तेलाचा वास येत असेल. माझी सावली पानात पडू नये म्हणून मी तिरपी तिरपी वाढायचे, एकदा तर अशीच तिरपी होता होता कढी सासऱ्यांच्या पाठीवर वाढली. आणि मोठे मामाजी? "पुरे, पुरे. पोट फुटाले आलं."

घरात प्रत्येकाचं वेगळं मत. सासूबाई म्हणायच्या, "तुह्या हाताले चव नाही, दुसरं काय." आमचे हे म्हणायचे, "बुढापा होय. पोट लहान झालं असन."

पोट लहान! माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला मोहाडीला सासरची मंडळी आली होती. मी मागाच्या खोलीच्या खिडकीतून पाहत होते. मोठे मामाजी विणकरांच्या पंगतीत बसले. दुसरा भात घेतला. तिसरा भात घेतला. वांग्याची भाजी दोनदा. आजूबाजूची माणसं आमच्या रीतीप्रमाणे झालं तसं उठून जात होती, तिकडे ते जरा बावरून पाहायचे, पण जेवत राहिले. शेवटी बुंदी आली. कोपरा भरला. चार दाणे जिभेवर, डोळे मिटले. बुढापा म्हणे! मी खिडकीचा गज असा आवळून धरला, की हाताला वळ उठले. माझ्या आईच्या हातची भाजी दोनदा आणि माझी नाही? मला त्या दिवशी रडू आलं, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि एवढ्यावर संपेल तर ते मोठे मामाजी कसले! दर वर्षी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, उरकली की त्यांच्या घरचा बंड्या बैल आमच्या दारात येऊन थांबायचा. बैलगाडीत चिन्नोराचा एक कट्टा, चांगलं पोतंभर. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. भात शिजला की गल्लीला कळतं.

"यंदा चांगला झाला," मोठे मामाजी गाडीवरूनच म्हणायचे. "चाखून पाहा."

चाखायला कट्टाभर? सासरे चिडायचे. "दादा, माह्या घरी काय धान नाही का गा? कोठी भरली आहे!"

"असन ना," ते शांतपणे म्हणायचे. "मी कुठं नाही म्हनतो? असन." आणि माझ्याकडे असं काही पाहायचे, भुवयांखालून, जणू आमच्या दोघांत काही गुपित आहे. मी आपली पदर ओढून आत. गुपित काय ते मलाच ठाऊक नाही! आमच्याकडे जेवायचं नाही, आणि आम्हाला तांदूळ पाठवायचा. हा राग म्हणावा की माया? एकदा मला वाटलं, माझा तांदूळ त्यांना आवडत नसेल, म्हणून स्वतःचा पाठवत असतील. मी त्यांना त्यांच्याच चिन्नोराचा भात करून वाढला. पहिला भात खाल्ला. दुसऱ्याला आडवे हात. मी ठरवलं, या माणसाला समजून घेणं आपल्या कुवतीबाहेरचं आहे. पण मनातून जाईना. एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझ्या घरी पोटभर जेवावं आणि बुंदी खाऊन उठावं, एवढंच मला हवं होतं. नवस बोलायचंच काय ते बाकी होतं.

शहाऐंशी साली माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं. आता घरची मोठी बाई मीच. आमच्या घरी पहिल्यांदा टेबल-खुर्चीची पंगत बसली. तुमसरहून भाड्याने लोखंडी खुर्च्या आल्या, लांबलचक टेबलं, त्यावर पांढरा कागद. दुपारची वेळ, मांडवात ऊन झिरपत होतं, भोंगा कोकलत होता. खुर्चीवर बसून जेवणारी माणसं झालं की खुर्ची मागे ढकलून उठायची. कोणी कोणासाठी थांबेना, कोणी कोणामागे उठेना. सासऱ्यांनाही कळेना, की आपण उठलो तरी कोणी का उठत नाही! ते दोनदा उठून पुन्हा बसले.

मांडव रिकामा होत आला तेव्हा माझं लक्ष गेलं. त्या लांब टेबलापाशी मोठे मामाजी एकटेच बसले होते. फार थकले होते त्या वर्षी. पाय खुर्चीवरून लोंबकळत होते, पायताण एक खाली पडलेलं. समोर पत्रावळ, तीवर भाताचा मोडका धुरा. ते मान वळवून या टोकाकडे पाहायचे, त्या टोकाकडे पाहायचे. कोणासोबत उठायचं ते शोधत होते. आणि कोणी नव्हतंच.

मी दुसऱ्या भाताची परात घेऊन गेले. दोन्ही हात पानावर आडवे. "पुरे, पुरे. पोट..."

"मोठे मामाजी," मी म्हटलं. बारा वर्षांत सासरच्या त्या वडीलधाऱ्या माणसाशी मी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. परात टेबलावर ठेवली. "आज मले सांगा. माह्या घरी तुमी पोटभर काहून जेवत नाही? माहं काय चुकलं? शांताबाईच्या लग्नात मी तांब्या आनला, तवापासून तुमी माह्या हातचा दुसरा भात घेतला नाही. त्या दिवशी तुमी काहून उठले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीच ती नजर. मग भोंग्याच्या बाजूला पाहून, आवाज हळू करून म्हणाले, "काहून म्हनजे? आत भात सरला होता ना, पोरी."

मला काही समजेना. "कोनं सांगितलं?"

"तूच तं सांगितलं. तांब्या आनला ना तू." कोणी ऐकत नाही ना ते पाहून ते पुढे झुकले. "जुनी रीत होय. माही माय बी करे. वाढता वाढता भाताचा गंज रिकामा झाला, का घरची बाई गुपचूप पंगतीतल्या बुढ्याफुडं तांब्या ठेवे. बुढा उठे, पंगत उठे. भात सरला हे कोनाले मालूम होत नसे, घरची अब्रू राहे. बाईले मालूम आन बुढ्याले मालूम. नवी सून असून तुले हे मालूम, म्हनून मले तं कौतुक वाटलं होतं तुहं. कोनाले सांगितलं नाही मी. भावालेबी नाही. म्हटलं, घरात तंगी असन, दाखवत नसतीन. मंग तुह्या घरी पोटभर कसा जेवू?"

मी टेबलाचा कागद बोटाने फाडत उभी राहिले. चिन्नोराचे कट्टे. आडवे हात. माझ्या भावाची न मिळालेली पोळी. पंगतीचा तो मान, जो त्यांनी पोट धरून, वाकून, आमच्या घरासाठी सोडून दिला होता. आमच्या भरल्या कोठीच्या घरासाठी.

"मोठे मामाजी," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना, "मले तुमची रीत मालूम नवती. मले वाटलं, तुमाले पानी पायजे. भात सरला नवता. दोन गंज भरून होते मांगच्या आंगनात. कढी होती. बुंदी होती, टोपली भरून."

ते भाताची एक गोळी बोटांत फिरवत राहिले. त्यांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. ते आता हसतील, असं मला वाटलं. मग वाटलं, रडतील. मग वाटलं, पत्रावळ उचलून माझ्या अंगावर फेकतील, आणि फेकली असती तर बरंच झालं असतं. पुढच्या धानाच्या रोवणीच्या आधीच ते गेले. ते आमचं शेवटचं बोलणं. म्हणून त्यांनी पानाच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत जे म्हटलं, ते रागाने म्हटलं, की हळहळून, की मला चिडवायला, हे विचारायचं राहूनच गेलं. ते एवढंच म्हणाले:

"बुंदी बी होती?"